सात फरश्या

आमची मांजर गंगू आमच्याकडे सहा वर्षं एकटी राजासारखी राहिली. डोंबिवलीतला दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात मी, आई आणि ती. जूनच्या शेवटच्या आठवड्यात भर पावसात पार्किंगमधल्या स्कूटरखाली मांजराचं एक पिवळं पिल्लू सापडलं. जेमतेम दोन महिन्यांचं, वजन 700 ग्रॅम. मी ते टॉवेलात गुंडाळून वर आणलं आणि हॉलमध्ये गंगूसमोर ठेवलं. ‘समोरासमोर ठेवा, दोन दिवस भांडतील, मग आपोआप जमेल,’ असं मला एकाने नाही, तिघांनी सांगितलं होतं.

गंगू आधी जागच्या जागी थिजली. मग पाठीची कमान, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी, आणि असं फिस्कारली की सहा वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. तिथून ती जी कपाटावर चढून बसली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरली नाही. जेवली नाही, पाणी प्यायली नाही. आई स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, “घर तिचं आहे. तिला विचारलंस का?”

त्याच दुपारी पिल्लाला घेऊन डॉक्टरांकडे गेले. गंगूचं ऐकून तेच जास्त गंभीर झाले. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या लिव्हरमध्ये चरबी साठू लागते, आणि ते जिवावर बेतू शकतं. “आधी मोठीला खायला लावा. पिल्लू दोन आठवडे वेगळ्या खोलीत, बंद दाराआड.” कारण नुसतं भांडण नव्हतं. रस्त्यावरच्या पिल्लातून पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार, घरात येऊ शकतो. त्याचा विषाणू फरशीवर, कपड्यांवर महिनोन्‌महिने टिकतो, साध्या साबणाने मरत नाही, ब्लीच लागतं. गंगूच्या लसी वेळेवर झाल्या होत्या हे वहीत पाहूनच माझा जीव भांड्यात पडला. पिल्लाला जंताचं औषध दिलं, शी तपासायला दिली, पहिली लसही झाली.

बंड्या (नाव आईनेच ठेवलं) बेडरूममध्ये गेला आणि आई हॉलमध्ये झोपायला आली. बंड्याचा ट्रे, वाटी, टॉवेल सगळं वेगळं. त्याच्याकडून बाहेर आलं की हात धुवायचे, गाऊन बदलायचा आणि मगच गंगूला हात लावायचा. गंगूने त्या संध्याकाळी गरम पाण्यात कालवलेली उकडलेली कोंबडी खाल्ली. मी शेजारी फरशीवर बसून राहिले होते.

दहा दिवसांनी, तपासणी नीट आल्यावर, डॉक्टरांनी वासांची अदलाबदल करायला सांगितली. मांजरं एकमेकांना ओळखतात ती वासाने. त्यांच्या गालांवर, कपाळावर, पंज्यांमध्ये वासाच्या ग्रंथी असतात. आपल्या पायाला, खुर्चीला, दाराच्या कडेला ती गाल घासतात ती ‘हे माझं’ अशी खूण असते. मी धुतलेला सुती मोजा बंड्याच्या गालांवरून फिरवला आणि हॉलच्या कोपऱ्यात टाकला. वाटीजवळ नाही, मुद्दाम लांब, म्हणजे तिला नको असेल तर टाळता येईल.

गंगू लांबूनच मान ताणून आली. हुंगलं. मग तोंड अर्धवट उघडं ठेवून, वरचा ओठ उचलून तशीच बसून राहिली. वास टाळूपर्यंत ओढून घेताना मांजरं तसं करतात. शेवटी तिने एक पंजा मोज्यावर ठेवला, उचलला, झटकला आणि निघून गेली. चौथ्या दिवशी त्याच मोज्यावर गाल घासला. मी आईला हाक मारून दाखवलं.

त्यानंतर फरश्या. आमच्या फरश्या दोन बाय दोन फुटांच्या. बेडरूमच्या बंद दारापासून सातव्या फरशीवर गंगूची वाटी ठेवली, आतल्या बाजूला दाराशी बंड्याची. दोघं एकाच वेळी जेवणार. गंगूने बिनधास्त वाटी चाटूनपुसून साफ केली की दुसऱ्या दिवशी वाटी एक फरशी पुढे. कान मागे गेले, खाता खाता दाराकडे बघू लागली, की परत एक मागे. सात, सहा, पाच, चार, पुन्हा पाच, चार, तीन.

तिसऱ्या फरशीवर घात झाला. केर काढायला मावशींनी दार उघडलं आणि बंड्या त्यांच्या पायांतून बाणासारखा बाहेर. गंगू त्याच्यावर झेपावली. मी घाबरून मध्ये पाय घातला आणि ती माझ्या पोटरीला बोचकारून लोंबकळली. तिला मी दिसलेच नव्हते. मांजर भडकलेलं असताना जे समोर येईल त्यावर तुटून पडतं, हे मला आता कळतं. उशी किंवा पुठ्ठा मध्ये धरायचा, हातपाय कधीच नाही. जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतली आणि लगेच दवाखाना गाठला. मावशी रडवेल्या झाल्या होत्या, पण चूक माझी होती, दाराला आतून कडी नाही हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

पुन्हा सातवी फरशी. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, दोघांसाठीही.

पण दुसऱ्या खेपेला सहा दिवसांतच दार गाठलं. सुताराकडून दाराच्या उंचीची लाकडी चौकट करून घेतली, तिला बारीक लोखंडी जाळी. पहिल्यांदा जाळीतून दिसले तेव्हा गंगू फिस्कारली, आणि मी तिला रागावले नाही. फिस्कारणं म्हणजे ‘लांब राहा’ असं सांगणं. ते दाबलं तर पुढची पायरी थेट पंजा. बंड्याने मात्र ऐकलं, दोन पावलं मागे सरून बसला. पिल्लाला एवढी समज असते हे बघून मला भरून आलं.

ऑगस्टच्या मध्यावर जाळी काढली. पहिल्यांदा दहा मिनिटं, मग अर्धा तास, बंड्याला आधी दोरीच्या खेळाने दमवून. ट्रे तीन केले, मांजरांइतके आणि वर एक, तेही वेगवेगळ्या कोपऱ्यांत, म्हणजे एकाला दुसऱ्याची वाट अडवता येत नाही. कपाटावरची जागा गंगूचीच राहिली. तिथे बंड्या चढू लागला की आई त्याला उचलून खाली ठेवते. गंगूची वाटीही अजून आधी भरली जाते. बंड्याची नसबंदी डिसेंबरमध्ये करायची आहे.

गळ्यात गळे नाहीत. तो शेपटीशी खेळायला गेला तर अजून एक चापट बसते, नखं आत ठेवून. काल रात्री पाऊस फार होता, दोघंही सोफ्यावर होती, मध्ये वीतभर अंतर. झोपेत बंड्याची शेपटी गंगूच्या पंजावर येऊन पडली. गंगूने डोळे उघडले, शेपटीकडे पाहिलं आणि पंजा तसाच ठेवला.