तुम्ही विचारलंत म्हणून: कॅलिफोर्नियात कोणती रायफल घ्यावी?

मंडळाच्या गणपतीत, मुलांच्या मराठी शाळेबाहेर गाडीत बसून वाट बघताना, कुठेही कोणीतरी हमखास विचारतं, "अरे तू नेमबाजीच्या रेंजवर जातोस ना, मग इथे सेमी-ऑटो रायफल घ्यायची तर कोणती घेऊ?" दर वेळी घाईत काहीतरी उत्तर देतो आणि घरी आल्यावर वाटत राहतं की मुख्य गोष्ट सांगायचीच राहिली, म्हणून आज नीट बसून लिहितोय.

सेमी-ऑटो म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर लांबलचक एसएलआर बघितली असेल ना, सेल्फ लोडिंग रायफल, तोच प्रकार. ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पुढची आपोआप चेंबरमध्ये येते पण सुटायला परत ट्रिगर दाबावा लागतो. मशीनगन नाही ती. आणि एआर-१५ या अशाच एका रायफलच्या नावातलं एआर हे आर्मालाइट कंपनीच्या नावावरून आलंय, असॉल्ट रायफलवरून नाही.

मी उलटा पहिला प्रश्न विचारतो तो व्हिसाचा. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर पुढे बोलू. एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने साधारणपणे बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत, रेंजवर भाड्याने घेऊन हातात धरणंसुद्धा त्यातच येतं. शिकारीच्या लायसन्ससारखे अपवाद आहेत पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. आणि गांजा इथे राज्यात कायदेशीर असला तरी बंदूक घेतानाच्या फेडरल फॉर्मवर तो घेता का हा प्रश्न असतोच, तिथे खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा.

आता कायदा. १९८९ च्या जानेवारीत स्टॉकटनच्या एका प्राथमिक शाळेत गोळीबार झाला, मुलं गेली, आणि त्याच वर्षी इथे असॉल्ट वेपन कायदा आला. सुरुवातीला ठरावीक मॉडेल्सवर नावानिशी बंदी होती, मग २००० पासून वैशिष्ट्यांवरून. म्हणजे सेंटरफायर (गोळीच्या बुडाच्या मधोमध पिन आपटते ती) सेमी-ऑटो रायफल, मॅगझिन (गोळ्यांचा डबा) सुटं होणारं, आणि त्यावर पिस्तुल ग्रिप (पिस्तुलासारखी खाली आलेली मूठ), अंगठा आरपार जाणारा थंबहोल स्टॉक (स्टॉक म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा भाग), घडीचा किंवा पुढे-मागे सरकणारा स्टॉक, पुढची ग्रिप, फ्लॅश सप्रेसर (नळीच्या तोंडाशी गोळी सुटतानाची ज्वाळा लपवणारा तुकडा) यांपैकी एक जरी असेल तरी ती बंदीत गेली. एकच पुरे. दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन विकत घेता येत नाही, बाहेरून आणताही येत नाही. आधी बुलेट बटन (बोटाने नव्हे, अवजाराने किंवा गोळीच्या टोकाने दाबूनच मॅगझिन सुटतं असं बटन) नावाची एक पळवाट होती, ती २०१७ पासून बंद झाली. सॅन दिएगोच्या फेडरल जजनी २०२१ मध्ये आणि परत २०२३ मध्ये हा असॉल्ट वेपन कायदा घटनाबाह्य ठरवला पण वरच्या कोर्टाने दोन्ही वेळा तो निकाल रोखला, त्यामुळे बातमी वाचून दुकानात धावू नका.

मी स्वतः आधी एआरच घेतली होती, फीचरलेस म्हणतात ती, म्हणजे स्टॉक फिक्स, फ्लॅश सप्रेसर नाही, आणि ग्रिपला माशाच्या परासारखा एक पंख, जेणेकरून अंगठा मागून वळसा घालू शकत नाही. पूर्ण कायदेशीर. पण हातात कधी बसलीच नाही, दोन तास नेम धरला की मनगट दुखायचं. मग एकदा ऑनलाइन नवा स्टॉक मागवला, फिक्स मागवला होता, आला सरकणारा. बॉक्स फोडला, जुना स्टॉक काढला, नवा बसवायला घेणार तेवढ्यात तो सरकवायचं खालचं बटन दिसलं. तो बसला असता तर माझ्याच गॅरेजमध्ये, माझ्याच हातांनी, कायद्यात बसणारी रायफल बेकायदा झाली असती, आणि तो गुन्हा फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, धरला जाऊ शकतो. मी तेव्हा ग्रीन कार्डवर होतो. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढण्यापर्यंत गोष्ट जाते, बायको-मुलांसकट उभा केलेला सगळा संसार एका स्टॉकसाठी पणाला. त्या रात्री झोप लागली नाही, पुढच्याच महिन्यात ती रायफल डीलरमार्फत विकून टाकली.

म्हणून माझं उत्तर, जी रायफल मुळातच या चौकटीत बसते ती घ्या. वाकवून, कापून, पंख लावून बसवावी लागते ती नको.

पहिली घेत असाल तर रुगर १०/२२. १९६४ पासून बनतेय, पॉइंट टू-टू ची, म्हणजे रिमफायर (पिन गोळीच्या बुडाच्या कडेवर आपटते), सेंटरफायर नव्हे, त्यामुळे वरची वैशिष्ट्यांची यादी तिला लागतच नाही, मॅगझिनही मुळात दहाचंच. एनसीसीच्या कॅम्पला ज्यांनी पॉइंट टू-टू मारलीय त्यांना तो छोटासा आवाज लगेच ओळखीचा वाटेल. गोळ्या स्वस्त, धक्का नाही, नेम खरा इथेच तयार होतो. आपला कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ घेऊन आला तोही पॉइंट टू-टू वरच, अर्थात त्याची रायफल सेमी-ऑटो नव्हे, वेगळ्या जातीची.

सेंटरफायरच हवी असेल तर रुगरचीच मिनी-१४, लाकडी स्टॉकची रँच मॉडेल. गोळी एआरचीच, पण साध्या शिकारी बंदुकीचा आकार, पिस्तुल ग्रिप नाही, नळीच्या तोंडावर काही नाही. टॅक्टिकल मॉडेलला बऱ्याचदा फ्लॅश सप्रेसर असतो, तिच्या वाटेला जाऊ नका. अचूकतेत चांगल्या एआरला ती हरते हे मान्य, पण माझ्याकडे आता हीच आहे आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेताना छातीत धडधड होत नाही.

एम-१ गॅरंड रायफलबद्दलही विचारतात. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन सैन्याची, आठ गोळ्यांची क्लिप वरून आत दाबायची, मॅगझिन सुटं होतच नाही म्हणून इथे चालते. सुंदर आहे, पण धक्का जोरदार, गोळी महाग, आणि बोल्टमध्ये अंगठा सापडला तर नख काळं होतं. पहिली म्हणून नको.

बाकी बंदूक घेण्याआधी लागतं ते फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेट, ३० प्रश्नांची परीक्षा, २३ बरोबर लागतात, अभ्यास एका संध्याकाळचा. मग दहा दिवस थांबायचं. २०२४ च्या जुलैपासून ११ टक्क्यांचा वेगळा टॅक्सही आहे, बजेटमध्ये तो धरा आणि सेफचे पैसेसुद्धा, घरात मूल असेल तर सेफ आधी, रायफल नंतर.

आणि टेक्सासहून बदली होऊन येणाऱ्यांनो, तिथली एआर ट्रकमध्ये टाकून आणू नका. माझ्या एका मित्राने निघायच्या आदल्या आठवड्यात सहज फोन केला म्हणून वाचला, तिथेच विकून आला. आता रविवारी सकाळी आम्ही दोघं सॅन होजेजवळच्या फील्ड स्पोर्ट्स पार्क या रेंजवर असतो, त्याच्याकडे १०/२२, माझ्याकडे मिनी. बघायला यायचं असेल तर या, कानाला लावायचे मफ्स मी जास्तीचे आणतो.