सोमवारची स्पोर्ट्स कार

इंग्लंडात मे महिना लागला आणि एखाद्या रविवारी खरंखुरं ऊन पडलं, की जुन्या मोटारी बाहेर पडतात. गावाबाहेरच्या पबांसमोर त्या ओळीनं उभ्या असतात. बॉनेट उघडी, क्रोम चकाकतंय आणि शेजारी मालक हातात सुती फडकं घेऊन नुसताच उभा. ट्रायम्फ, ऑस्टिन-हिली, मॉरिस मायनर, एखादी जॅग्वार. दुपारी चारच्या सुमारास ढग दाटले की सगळ्यांची घरी पळापळ होते, आणि सोमवारी गाड्यांवर पुन्हा खोळ चढते.

माझी सोमवारीच निघते. १९७८ सालची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची दोन सीटची, कापडी छपराची स्पोर्ट्स कार. ॲबिंग्डनहून ऑक्सफर्डला कामावर जायला आणि येताना भाजी, दूध, क्वचित नर्सरीतलं एखादं रोप आणायला मी हीच गाडी वापरते. रविवारवाल्या मंडळींना याचं वाईट वाटतं. ‘पावसातसुद्धा काढता?’ असं विचारतात. त्यात काळजी असते आणि थोडा आरोपही. मला उलट त्यांच्याच गाड्यांची काळजी वाटते. उभ्या गाडीला काही होत नाही, ही समजूत खोटी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि सिलिंडर आतून गंजतात. रबरी सील सुकून तडकतात. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. बॅटरी उतरते. पबपर्यंत जाऊन आल्यानं सायलेन्सर जेमतेम कोमट होतो, त्यामुळे आतलं पाणी आतच राहून तो पोखरतं. रोज नीट तापून पळणाऱ्या गाडीच्या वाट्याला यातलं बरंचसं येतच नाही.

शिवाय ही काही राजेरजवाड्यांसाठी बनलेली गाडी नव्हे. १९६२ ते १९८० या काळात एमजीबी पाच लाखांहून जास्त निघाल्या. पत्रा स्विंडनचा, इंजिन बाहेरून आलेलं आणि जुळणी इथं, ॲबिंग्डनमध्ये. त्या कारखान्यात यंत्रानं सरकणारी असेंब्ली लाइनसुद्धा नव्हती. कामगार गाड्या हातानं ढकलत पुढच्या टप्प्यावर न्यायचे. ऑक्टोबर १९८०मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली आणि कारखाना बंद झाला. एमजी कार क्लबचं कार्यालय मात्र अजून त्याच जागेला लागून आहे.

इंजिनाची गोष्ट तर आपल्या अगदी घरातली. १७९८ सीसीचं हे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरीजमधलं. संसारी सलून गाड्यांसाठी आखलेली ही मालिका, आणि आपल्या ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन त्याच कुळातलं. एमजीबीच्या आधीच्या एमजीएमध्येही सुरुवातीला १४८९ सीसीच होतं. म्हणजे सोलापुरात ज्या इंजिनानं साहेब लोकांना तालुक्याच्या दौऱ्यावर नेलं, त्याच्याच भाऊबंदांनी इथल्या तरुण कारकुनांना शनिवारी समुद्रावर नेलं. माझ्या लहानपणी पांढरी ॲम्बेसेडर कोपऱ्यावर आली की आवाजावरून कळायचं. म्हणून असेल, या गाडीनं पहिल्यांदा घसा खाकरला तेव्हा मला ती परकी वाटली नाही.

स्पोर्ट्स कार म्हटलं की लोक वेग विचारतात, आणि तिथं सांगण्यासारखं फार काही नाही. ताशी साठ मैलांवर जायला हिला बारा-तेरा सेकंद लागतात. सिग्नलला शेजारी मागच्या सीटवर बाळ झोपलेली कुठलीही इलेक्ट्रिक गाडी उभी राहिली, तर दिवा हिरवा होताच ती दिसेनाशी होते. बाळ जागंही होत नाही. पण वीस मैलांच्या मर्यादेच्या गल्लीत काय मजा असते, ते त्या गाडीतल्या माणसाला कळणार नाही. इथं आपण जमिनीपासून वीतभर उंचीवर बसलेलो असतो, स्टीअरिंगला पॉवर नाही, चाकाखालचा प्रत्येक खडा तळहातात कळतो, आणि वळण तिसऱ्या गिअरमध्ये घ्यायचं की दुसऱ्या, हे आपल्याला ठरवावं लागतं. साधा कामावर जायचा रस्ता, पण तो रोज आपणच चालवल्यासारखा वाटतो. आजच्या महागड्या वेगवान गाड्यांचा मला हाच प्रश्न पडतो: ज्या वेगात त्यांना मजा यायला लागते, त्या वेगात पोलीस आधी भेटतात.

घेताना मी मुद्दाम काळ्या बंपरची घेतली. यावर शौकिनांमध्ये दोन जाती आहेत. १९७४पर्यंतच्या गाड्यांना क्रोमचे नाजूक बंपर होते. मग अमेरिकेचे सुरक्षेचे नियम आले, विक्री बरीचशी तिकडेच होती, म्हणून गाडीला पुढे-मागे जाडजूड काळे बंपर बसले आणि दिव्यांची-बंपरची उंची जमवण्यासाठी अख्खी गाडी इंच-दीड इंच उचलली गेली. उंचावल्यामुळे ती वळणावर जास्त झुकू लागली. क्रोमवाले या गाड्यांकडे बघून अजूनही उसासे टाकतात. टाकू देत. त्या उसाशांमुळेच त्या स्वस्त राहिल्या. चांगल्या स्थितीतली गाडी नव्या लहान हॅचबॅकच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळते. आणि १९७७च्या मॉडेलपासून कंपनीनं बरंच सावरलं होतं: मागच्या बाजूला अँटी-रोल बार, म्हणजे वळणावरचं झुकणं आवरणारा दांडा, आला, रेडिएटर पुढे सरकला, त्याला विजेचा पंखा मिळाला. ट्रॅफिकमध्ये रोज अडकणाऱ्या माणसाला विजेच्या पंख्याचं मोल क्रोमपेक्षा जास्त असतं.

त्या वर्षांतल्या गाड्यांच्या सीटवर जाड पट्ट्यापट्ट्यांचं कापड आहे. समुद्रावरच्या आरामखुर्च्यांवरून उचललेली कल्पना, असं इथले लोक सांगतात. आईनं व्हिडिओ कॉलवर एकदा बघितलं आणि म्हणाली, “अगं, एवढे पैसे दिलेस आणि त्यांनी आत सतरंजी घालून दिली?” त्या दिवसापासून घरात गाडीचं नाव सतरंजी. नवराही आता ‘आज सतरंजी नेतेस की बस?’ असंच विचारतो.

पण सीट, रंग, बंपर हे सगळं नंतर. ही गाडी बघायला जाताना गुडघे मळवायची तयारी हवी. हिला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा, आणि वर पक्कं छत नसल्यामुळे सगळा भार दारांखालच्या पोकळ पेट्यांवर येतो. त्यांना सिल म्हणतात. बाहेरून दिसतो तो एक पत्रा, त्याच्या आत आणखी थर. बाहेरचा पत्रा नवा, त्यावर चकचकीत रंग आणि आत गंजाचा भुगा, असं सर्रास असतं. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलवरून फिरवायचं. जिथं ते धरत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. दार आणि मागचा पत्रा यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघायची. मग जॅक लावून एक बाजू उचलायची आणि दार उघडून बघायचं. ते अडकलं किंवा उघडल्यावर बंद होईना, तर गाडी मधून वाकते आहे. मालक कितीही सज्जन असला आणि चहा कितीही चांगला असला तरी तिथून निघायचं. इंजिनाचं काय वाटेल ते होऊ दे. ते उघडून बांधणारे मिस्त्री अजून खूप आहेत. सिल कापून नवे जोडण्याचा खर्च मात्र गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

सुट्या भागांची चिंता करू नये. या देशात एमजीबीचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. अगदी अख्खा सांगाडासुद्धा: मूळ साचे शोधून काढून १९८८पासून तो पुन्हा दाबून काढायला लागले आणि आता ते काम इथून जवळच विटनीत होतं. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या सात वर्षांच्या गाडीच्या आरशाला भाग मिळेना म्हणून तो सहा आठवडे टेप लावून हिंडत होता. जुनं कोणाला म्हणायचं?

सकाळचा क्रम ठरलेला. चोक, म्हणजे थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा दांडा, ओढायचा, ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही, किल्ली फिरवायची. लागली की चोक हळूहळू आत. बजाजची स्कूटर किंवा प्रीमियर पद्मिनी ज्यांनी थंडीत चालू केली आहे त्यांना हे शिकवायला लागत नाही. माझ्या टीममधल्या पंचविशीच्या मुलांना मात्र तो दांडा म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागते. महिन्यातून एकदा दोन्ही कार्बोरेटरची टोपणं काढून तेलाचे थेंब सोडायचे. दर तीन हजार मैलांनी पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या किंगपिनना ग्रीस गन लावायची. हे टाळणाऱ्याचं स्टीअरिंग आधी जड होतं, मग खिसा हलका. ए-३४ या हमरस्त्यावर साउदॅम्प्टन बंदराकडून येणारे कंटेनर शेजारून जातात तेव्हा माझे डोळे त्यांच्या चाकाच्या नटांच्या पातळीवर असतात. तिथं गिअरच्या मुठीवरचं बटण सरकवलं की ओव्हरड्राइव्ह लागतो, आणि सत्तर मैलांना मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या आसपास ओरडणारं इंजिन तीन हजारांच्या जरा वर येऊन बोलू लागतं. हे बटण नसतं तर मी ही गाडी रोज वापरली नसती, हे प्रामाणिकपणे सांगते.

शौकिनांना न आवडणारे काही बदलही मी केले आहेत. ठिणगीची वेळ साधणाऱ्या जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे, हेडलाइटना रिले आहेत. या काळातल्या ब्रिटिश गाड्यांच्या विजेवर इथं विनोदांची खाण आहे, पण माझ्या मते त्या विनोदांना बरीचशी गंजलेली अर्थिंग जबाबदार आहे. बॉडीला जोडलेल्या चार तारांची टोकं घासून साफ केली की अर्धी भुतं पळतात. पेट्रोलचे रबरी पाइपही बदलले, कारण सप्टेंबर २०२१पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. (भारतात तर वीस टक्के. यावर मामेभावाशी माझं तासभर बोलणं होतं; एरवी आमच्यात बोलायला विषय नसतो.)

हिवाळा हा खरा शत्रू. दंव पडायची चिन्हं दिसली की नगरपालिकेचे ट्रक रस्त्यावर खडेमीठ फेकत जातात. चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतलं ते तपकिरी मीठ माणसांचे जीव वाचवतं आणि पत्र्याचे घेतं. म्हणून दिवाळीच्या आसपास मी सिलच्या पोकळीत मेणाचा फवारा मारून घेते, आणि मीठ पडलेल्या आठवड्यात शनिवारी गाडी वरून नाही, खालून धुते. अगदी बर्फ असेल तर बसनं जाते. निष्ठेलाही हवामान असावं. हीटर चांगला आहे, पण त्याचं सगळं प्रेम पायांवर. छप्पर उघडून ऑक्टोबरात निघालं तर पावलं सोलापुरात आणि कान स्कॉटलंडमध्ये.

कायदा मात्र इथं कमालीचा मवाळ आहे. गाडीला चाळीस वर्षं झाली की रस्त्याचा कर माफ, लंडनच्या प्रदूषण क्षेत्राची फी माफ, आणि मे २०१८पासून, फार फेरफार केलेले नसतील तर, वार्षिक तपासणीही माफ. हे शेवटचं मला पटत नाही. मी दर वर्षी पैसे भरून तपासणी करून घेतेच. एअरबॅग नाही, एबीएस नाही, मागे ड्रम ब्रेक, अशा गाडीखाली तिऱ्हाईत माणसानं दिवा धरून वर्षातून एकदा तरी बघावं. काका म्हणतात, “इकडे घेऊन ये की!” काकांना मी २०२१चा आपला नियम वाचून दाखवला. पन्नास वर्षांपुढच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. पण ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला न्यायची. रोज वापरायची नाही. म्हणजे रविवार सरकारनंच ठरवून दिला. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग पेट्रोल भरायलाच जायचं रोज.”

मामेभाऊ गेल्या उन्हाळ्यात आला होता. त्याच्याकडे पुण्यात हेक्टर आहे. एमजीचा अष्टकोनी बिल्ला तोच, त्या बिल्ल्याची मालकी आता चिनी कंपनीची, कारखाना गुजरातेत हालोलला. “ताई, आमचीपण एमजीच की,” असं म्हणून त्यानं दोन्ही गाड्यांचे फोटो घरच्या ग्रुपवर शेजारी शेजारी टाकले. त्याच्या गाडीशी बोललं तर ती उत्तर देते म्हणे. माझी न विचारताच बोलते; कुठला आवाज नवा आहे एवढं ऐकायचं. त्याला सतरंजीवर बसवून नदीकाठानं फिरवून आणलं. लांब पाय कसेबसे आत घेतले, चोक स्वतः ओढून बघितला, पेट्रोल पंपावर एका आजोबांनी ‘माझ्याकडेही होती, लग्नाआधी’ म्हणून गाठलं तेव्हा त्यांच्याबरोबर फोटो काढला. परत येताना त्यानं तो प्रश्न विचारला, जो कुठल्याही गाडीबद्दल आपला माणूस विचारल्याशिवाय राहत नाही: “ॲव्हरेज किती देते?”

“नऊ-दहा.”

तो जरा वेळ हिशेब करत राहिला. “पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये मलाही एवढंच पडतं,” म्हणाला, आणि गिअरच्या मुठीवरचं बटण उगाचच एकदा सरकवून बघितलं.