पदवीच्या रकान्यापाशी अडलेला मुलगा

गेल्या महिन्यात आमच्या टीमला लिनक्स ॲडमिन हवा होता. हिंजवडीत मी १४ वर्षं सर्व्हर सांभाळते, त्यामुळे टेक्निकल राउंड माझ्याकडेच असतो. एचआरकडून आलेले सगळे बी.ई. नाहीतर एमसीए, दहावी, बारावी, पदवी सलग ६० टक्के, मध्ये गॅप नाही. एक बायोडेटा तेवढा ओळखीतून थेट माझ्याकडे आला. साताऱ्याकडचा मुलगा, बारावीनंतर कॉलेज सुटलेलं, सहा वर्षं एका पतसंस्थेचे सर्व्हर बघतोय.

मी सगळ्यांपुढे एकच बिघडलेलं मशीन ठेवते. डिस्कची एकूण जागा दाखवणारी ‘डीएफ’ ही कमांड सांगते डिस्क १०० टक्के भरली, आणि फोल्डर मोजणाऱ्या ‘डीयू’नं बघितलं तर निम्मीही भरत नाही. मग जागा गेली कुठे? चौघांनी मोठ्या फाइल शोधायला घेतल्या. एकानं रीबूट सुचवला. रीबूटनं जागा मोकळी होतेही, पण भर दुपारी चालू सर्व्हर बंद कोण करू देणार?

या मुलानं दोन्ही आकडे पाहिले आणि म्हणाला, “मॅडम, चालू लॉग, म्हणजे नोंदींची फाइल, कुणीतरी डिलीट केलाय.” मग उघड्या फाइल दाखवणारं ‘एलएसओएफ’ चालवलं, डिलीट झालेली फाइल धरून बसलेली प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, शोधली आणि तेवढीच सर्व्हिस रीस्टार्ट केली. जागा परत आली. असं का होतं, विचारलं. “नाव गेलं, माल आतच आहे. धरणाऱ्यानं सोडल्याशिवाय जागा सुटत नाही.” आयनोड (डिस्कवर फाइलची माहिती ठेवणारी नोंद, नावापासून वेगळी) हा शब्द त्याला माहीत नव्हता. पतसंस्थेत हे घडलं तेव्हा काउंटरवर रांग लागली होती, आणि विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

आयनोड मला कॉलेजात शिकवला होता. त्या शिक्षणाची किंमत मी कमी करणार नाही. पुढे नवीन सिस्टिम समजून घेताना ते रोज उपयोगी पडलं. पण तो शब्द मी त्याला एका दुपारी शिकवू शकते. रांग समोर असताना डोकं शांत ठेवणं मी कुणाला कसं शिकवू?

त्याचं नाव पुढे पाठवलं, तर एचआरचं उत्तर आलं: पदवीचा रकाना रिकामा, सिस्टिम पुढे जाऊ देत नाही. त्यांची अडचण मला कळते. एका जागेला शेकड्यानं अर्ज येतात, कुठेतरी चाळण लावावीच लागते. शिवाय क्लायंटच्या करारातच ‘इंजिनिअर’ म्हणजे पदवीधर असं लिहिलेलं असतं. पण अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाच्या नियमांतसुद्धा कामाची तीन वर्षं कॉलेजच्या एका वर्षाबरोबर धरायची सोय आहे. झोहो ही सॉफ्टवेअर कंपनी तर तमिळनाडूत शाळा संपवलेल्या मुलांना स्वतः शिकवून कामावर घेते. आमच्या फॉर्ममध्ये सहा वर्षांच्या कामाला शून्य किंमत आहे, आणि हे मला अजिबात पटत नाही.

सोमवारी त्याचा फोन आला. “मॅडम, मुक्त विद्यापीठातून पदवी केली तर घ्याल का?” म्हणजे आणखी तीन वर्षं. “कर,” मी म्हणाले, “पण त्यासाठी थांबू नकोस.” त्याच संध्याकाळी डायरेक्टरांना मेल केला: या जागेसाठी पदवीची अट काढा, चाचणीची रेकॉर्डिंग सोबत जोडली आहे, एकदा स्वतः बघा. गुरुवारी भेटीची वेळ मिळाली आहे.