फोटो का नाही टाकलात, बाई?

अल्जीरियाहून येऊन दहा महिने झाले. या दहा महिन्यांत जाऊबाई, भिशीतल्या बायका, दूध घालणारा पोरगा आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा ग्रुप, सगळ्यांचा प्रश्न एकच. "बाई, बाकीच्यांनी गाईचा फोटो टाकलाय. तुमचा कुठाय?" चौतीस वर्षं कोल्हापुरात चित्रकला शिकवलेली बाई सहारातल्या कपारींमधली हजारो वर्षांपूर्वीची चित्रं बघायला आफ्रिकेत जाते आणि एक फोटो दाखवत नाही, म्हणजे काहीतरी भानगड असणारच. कुणाच्या मते माझा मोबाईल हरवला. कुणाच्या मते मला भाव खायचाय.

आधी मी "टाकते, टाकते" म्हणायचे. मग चिडायला लागले. आता तुम्ही विचारलंतच म्हणून एकदाच लिहिते. पुन्हा विचारू नका.

सहलीचा कार्यक्रम तुम्हाला पाठ आहे. आमच्यातल्या एकानं तो रोजच्या रोज फेसबुकवर टाकला होता. अल्जिअर्सचा कसबा, मग घारदाइया, मग जानेत आणि तिथून तासिलीचं पठार. तिथल्या वाळवंटातले तुआरेग लोक पाहुण्याला एकामागून एक तीन ग्लास चहा देतात, ती गोष्टही तुम्ही ऐकलीय. ते सगळं सोडून देते.

घारदाइयातलं एक मात्र सांगायला हवं, कारण ते माझ्या अंगावर येतं. तिथे शेजारी बेनी इस्गेन नावाचं तटबंदीचं गाव आहे. मोझाबी लोकांचं, इस्लाममधल्या इबादी पंथाचं, अतिशय कडक. बाहेरच्या माणसाला स्थानिक वाटाड्याशिवाय वेशीच्या आत सोडत नाहीत आणि माणसांचे फोटो काढायला सक्त मनाई. बायका पांढऱ्या हाइकमध्ये नखशिखांत गुंडाळलेल्या, एकच डोळा उघडा. आमच्यातल्या एकीनं मोबाईल पोटाशी धरून हळूच एक फोटो काढला. मी भर गल्लीत तिला झापलं. "त्यांनी घरात घेतलंय, तर घराचे नियम पाळा," वगैरे. वर्गात लावायचे तोच आवाज. तो दिवसभर मला फार बरं वाटलं.

चार दिवसांनी आम्ही पठारावर होतो.

तासिली म्हणजे वाळूच्या टेकड्या नव्हेत. तिथे वालुकाश्माचे सुळके आहेत, शेकड्यांनी, आणि त्यांच्यामधून गल्ल्या गेल्यासारख्या वाटा. सामान गाढवांवर, आपण पायी. मी एकसष्ट वर्षांची, गुडघे पासष्टचे. चढणीनं जीव काढला. वर तामरितच्या दरीत तारूतची झाडं दिसली, सरूच्या जातीची. जगात जंगली अशी तीनशेसुद्धा उरलेली नाहीत म्हणतात आणि त्यातली काही दोन हजार वर्षांची. बुंधा बघितला तर पिळलेल्या धोतरासारखा. त्यांच्याजवळ मी बराच वेळ बसले. झाडांचे फोटो टाकलेत मी, ते कुणी पाहिले नाहीत.

चित्रं कपारींमध्ये आहेत. पंधरा हजारांहून जास्त चित्रं आणि कोरीवकामं त्या पठारावर मोजलीयत. जुनी इसवी सनापूर्वी ६००० च्या आसपासची. तेव्हा सहारात पाणी होतं, गवत होतं, माणसं गुरं राखत होती. सगळं ठाऊक होतं मला. सहा महिने वाचून गेले होते, वही भरली होती. त्या वहीत १९५६ च्या फ्रेंच मोहिमेवर दोन पानं आहेत. आंरी लोत नावाच्या संशोधकाची तुकडी कित्येक महिने पठारावर राहून चित्रांच्या पूर्ण आकाराच्या नकला करत होती. पुसट चित्रं दिसावीत म्हणून ते भिंती पाण्यानं पुसून घेत. त्यानं रंग सुटले, काही चित्रं कायमची फिकी पडली. पानाच्या कडेला माझ्या अक्षरात लाल शाईनं लिहिलंय, 'अडाणीपणा!' खाली अजिंठ्याची आठवणही टिपलीय. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून जाणकार आणले, त्यांनी चित्रं टिकावीत म्हणून लाखेचं व्हार्निश चढवलं आणि पुढे तेच पिवळं पडून चित्रांवर बसलं. हेतू चांगलाच होता, असंही पुढे लिहिलंय. लोतला मात्र मी हेतूचा फायदा दिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका कपारीत थांबलो. कुठली ते सांगणार नाही. वाटाडा गाढवांचं बघायला मागे राहिला होता. भिंतीवर मला एक शिंग दिसलं. एकच. गेरूची रेघ, खांद्यापासून निघून वर गेलेली आणि टोकाला आत वळलेली. अशी रेघ एका दमात मारावी लागते. मधे हात थांबला तर ती मरते. बेंदराला मी दरवर्षी मुलांकडून बैल काढून घ्यायचे. चौतीस वर्षांत असं शिंग दोघा-तिघांना जमलं असेल. शिंगाच्या खाली काहीतरी होतं, पण धुळीत आणि खडकाच्या रंगात मुरलेलं. डोळे बारीक करून पाहिलं, बाजूनं पाहिलं, दिसेना.

गळ्यात जानेतमध्ये घेतलेला पांढरा शेश होता, म्हणजे तुआरेग डोक्याला गुंडाळतात ते लांब कापड. त्याचं टोक बाटलीतल्या पाण्यात भिजवलं आणि भिंतीवरून फिरवलं. दोनदा.

आता तुम्हाला वाटेल, बाईंना भान राहिलं नाही. असं मीही पहिले काही महिने स्वतःला सांगितलं. खोटं आहे. भान होतं. ओल्या कपड्यानं काय होणार ते मला त्या क्षणी शब्दशः ठाऊक होतं. कोरड्या भिंतीच्या खरबरीत पृष्ठभागावर उजेड विखुरतो, पाणी ती छिद्रं भरून काढतं, रंग गडद दिसतो. हे मी आठवीला शिकवलंय. आणि पाणी वाळताना आतले क्षार वर आणतं, हेही.

चित्र उठलं. गाय होती, पूर्ण, अंगावर पांढरे ठिपके, आणि तिच्या पोटाखाली वासरू. वासराचे पुढचे गुडघे वाकलेले, लुचायला बसलेलं. मागच्या पायापाशी एक माणूस, हातात काहीतरी. मी ओरडलेच, "अगं बाई!" सगळे धावत आले आणि त्यांच्या पाठोपाठ वाटाडा.

तो ओरडला नाही. त्यानं माझ्या हातातली बाटली घेतली, झाकण लावलं आणि भिंतीसमोर खाली बसला. बसूनच राहिला. आमच्यासोबत अल्जिअर्सहून आलेला दुभाषा काही बोलायला गेला, तर त्यानं हातानंच थांबवलं. चित्र वाळेपर्यंत तो हलला नाही. तिथली हवा इतकी कोरडी की पाचेक मिनिटांत कडा पुसट व्हायला लागल्या. आणि आमची मंडळी काय करत होती? फोटो काढत होती. "लवकर लवकर, वाळतंय!" बेनी इस्गेनमध्ये जिला मी झापलं होतं, ती तर गुडघ्यावर बसून काढत होती. मीही एक काढला. वाटाड्याच्या डोक्यावरून.

बाकीच्यांनी टाकलेल्या ज्या फोटोला तुम्ही 'काय क्लिअर आलाय' म्हणता, तो हा असा आलाय.

आधी माणूस गेला, मग वासरू, मग गाय. शिंग राहिलं. मग तो उठला आणि बोट न टेकवता बाजूची जागा दाखवली. तिथे हातभर रुंदीचा फिकट डाग होता, धुतलेल्या पाटीसारखा. दुभाष्यानं सांगितलं, "तो म्हणतो, इथेही गुरं होती. याचे वडील पाहुण्यांना दिसावं म्हणून पाणी मारायचे. हा लहानपणी पखाल धरून उभा राहायचा."

या वाक्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. कधी वाटतं, त्यानं मला सोडवलं. त्यांनी स्वतःच केलं, मग माझं दोनदा फडकं फिरवणं ते काय! कधी वाटतं, सगळ्यात कडक शिक्षा तीच होती. त्यांनी पोटासाठी केलं, पाहुण्यांनी मागितलं म्हणून केलं, आणि करायचं थांबवलं. मला कुणी मागितलं नव्हतं.

रात्री चहाला तो मला वगळेल असं वाटलं होतं. तीनही ग्लास मिळाले, सगळ्यांना मिळाले तसेच, तितकाच फेस असलेले. पुढचे दोन दिवसही त्यानं चित्रं दाखवली, फक्त आम्हाला भिंतीपासून जरा लांब उभं केलं. मला एकटीला नव्हे, सगळ्यांना. त्यावरून गटात कुरकुर झाली आणि ती रास्त होती.

शेश घरी आहे. टोकाला तांबूस डाग आहे. तो गेरू असेल किंवा नुसती धूळ. त्या पठारावर सगळंच तांबडं आहे, माझे मोजेसुद्धा तसेच आले. मोजे धुतले. शेश धुतलेला नाही.

मग फोटो डिलीट का नाही केला, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारणारच. नाही केला. ती गाय पुन्हा कुणी भिजवू नये असं मला मनापासून वाटतं, आणि ती मला बघायचीही असते. रात्री बघते. चांगलं चित्र आहे हो. त्या वासराच्या गुडघ्यांसाठी मी पुन्हा तसंच करेन का, याचं उत्तर माझ्याकडे 'नाही' असं ठामपणे तयार नाही. आणि ते तयार झाल्याशिवाय फोटो टाकला, तर खाली 'वाह बाई' येणार, ते मला सोसणार नाही.

सगळ्यात जास्त वेळा विचारणारा जो, त्याला तुम्ही ग्रुपवर ओळखताच. नववीत असताना शाळेच्या सहलीत त्यानं अजिंठ्याच्या भिंतीला बोट लावलं होतं. मी त्याच्या हातावर सणसणीत चापट मारली आणि उरलेला वेळ त्याला बसमध्ये बसवून ठेवलं. त्यानं अजिंठा पाहिलाच नाही. आज तो साइनबोर्ड रंगवतो, हात उत्तम आहे. मागच्या रविवारी घरी आला, आणि का कोण जाणे, मी त्याला एकट्याला मोबाईल दिला. त्यानं बराच वेळ पाहिलं, दोन बोटांनी मोठं करून वासरू पाहिलं.

"बाई, हजारो वर्षांचं आणि इतकं ताजं? कसं काढलंत?"

"ऊन चांगलं होतं," मी म्हटलं.

त्यानं मान डोलावली, परत फोटोकडे पाहिलं. कपारीत ऊन येत नाही, म्हणून तर ती चित्रं टिकली. फोटोत कुठेही सावली नाही, आणि सावली कशी पडते हे त्याला मीच शिकवलंय.