नांदेड : गोदेच्या काठी भेटलेले नामदेव

गुरुवार, सचखंड एक्स्प्रेस

मनमाडला चढले. डबा अमृतसरपासूनच भरून आलेला. एक रात्र गाडीत काढलेली माणसं, बर्थच्या साखळीला वाळत घातलेले टॉवेल, कुणाच्या तरी पिशवीतून येणारा लोणच्याचा वास. मी नाशिकची. आमच्या गावावरून जाणारी गोदावरी नांदेडात कशी दिसते ते बघायचं कधीचं मनात होतं. पाठीवर सॅक, पायात साधे बूट आणि रात्री यात्री निवासात राहायचं, एवढाच बेत.

संभाजीनगरला गाडी थांबली आणि खिडक्यांशी एकच गलका झाला. फलाटावर बादल्या घेऊन माणसं उभी होती. डाळ, भाजी, फडक्यात गुंडाळलेल्या रोट्या. या गाडीतल्या प्रवाशांना वाटेतल्या काही स्टेशनांवर लंगर, म्हणजे शिखांचं सगळ्यांसाठीचं मोफत जेवण, मिळतो हे ऐकून होते. डब्यातल्या बहुतेकांनी भांडी आधीच काढून ठेवली होती. समोरच्या पंजाबी काकूंनी माझ्या हातातला डबा घेतला आणि सरळ खिडकीबाहेर धरला. पगडी बांधलेला वाढणारा मुलगा मला म्हणाला, "ताई, अजून एक घ्या, नांदेड लांब आहे." काकूंशी तो पंजाबीत बोलला, पुढच्या खिडकीत पुन्हा मराठीत. गाडी हलली तरी बादली घेऊन तो चार पावलं सोबत धावत होता.

शुक्रवार

आधार कार्ड दाखवलं, खोली मिळाली. सॅक टाकून लगेच बाहेर पडले. स्टेशनवरून रिक्षानं गुरुद्वारा, संध्याकाळी लेझर शो, दुसऱ्या दिवशी परतीची गाडी, अशी बहुतेकांची नांदेडची फेरी असते. गुरुद्वारा आहेच तसा, पण त्याच्या भोवतालचं शहर न बघता जाणं मला पटत नाही.

वजिराबादेतून निघून इतवाऱ्याकडं चालत राहिलं की कानावर पडणारी भाषा दर शे-दोनशे पावलांवर बदलते. एका कापड दुकानात मालक गिऱ्हाईकाशी मराठीत बोलत होता, गड्याला दखनी उर्दूत सांगत होता, आणि मध्येच फोन आला तर तेलुगूत. देगलूर, बिलोली, धर्माबादकडची माणसं इथं लग्नाच्या खरेदीला येतात, त्यांच्यासाठी एवढ्या भाषा याव्याच लागतात, असं तो म्हणाला. सप्टेंबर 1948 पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यातलं बरंच काही जेवणात आणि बोलण्यात शिल्लक आहे.

दुपारी इतवाऱ्यात बगारा खाना आणि दाळचा खाल्ला. बगारा म्हणजे खड्या मसाल्याच्या फोडणीत शिजवलेला मोकळा भात. दाळच्यात डाळ, दुधी, मटणाचे तुकडे आणि चिंचेचा बेताचा आंबटपणा. वाढणारे चाचा माझ्या पानाकडं लक्ष ठेवून होते. मी भात नुसताच खायला लागले तसे आले आणि म्हणाले, "आपा, दाळचा ऊपर डालो, मिलाके खाओ." मिलाके खाल्ला. शेवटी मुरलेला तळ वाटीत काढून आणून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी तख्त सचखंड श्री हुजूर अबचलनगर साहिब. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, हे एक. गुरू गोविंदसिंहजी ऑक्टोबर 1708 मध्ये इथंच ज्योतिज्योत समावले, म्हणजे त्यांनी देह ठेवला. आजची इमारत महाराजा रणजितसिंहांनी 1832 ते 1837 या काळात बांधून घेतली. रणजितसिंहांच्याच काळात पंजाबातून निजामाकडं आलेल्या फौजेतली अनेक कुटुंबं इथंच राहिली. त्यांना दख्खनी शीख म्हणतात. त्यांची मुलं मराठी शाळांत शिकली, त्यांच्या घरात ज्वारीची भाकरी होते, आणि मला आज दिवसभरात सगळ्यात झकास नांदेडी मराठी ऐकू आली ती एका केशरी पगडीवाल्या काकांकडून. "कुठून आलाव? जेवलाव का?" एवढंच विचारलं आणि पुढं गेले.

शनिवार, सकाळ

अजून झोप पुरती उतरलेली नाही, पण आत्ताच लिहून ठेवते.

रात्री यात्री निवासातल्या एका मावशींनी सांगितलं होतं की गागर बघायची असेल तर झोपू नकोस. इथं रोज पहाटेच्या कितीतरी आधी गागरिया सिंघ गोदावरीवर जातात आणि गागर भरून आणतात. त्या पाण्यानं आतली जागा धुतली जाते. कुडकुडत, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून उभी राहिले. डिसेंबरातलं नांदेड, फरशी अशी गार की पायाची बोटं बधिर झाली. गागर आली. खांद्यावर ओलं भांडं, काठावरून ओघळणारं पाणी, दोन्ही बाजूंना सरकून हात जोडणारी माणसं. ते कुठंही न थांबता झपझप आत गेले. फरशीवर थेंबांची रांग राहिली. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी त्यातल्या एका थेंबाला बोट लावून ते कपाळाला लावलं.

हे नाशिकवरून आलेलं पाणी, असं माझ्या मनात आलं. वाटेत जायकवाडी आहे, कितीतरी बंधारे आहेत, पाणी काय तेच राहिलेलं नाही. तरीही आलं.

मग कीर्तन सुरू झालं. मी बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून बसले. गुरमुखी मला येत नाही, त्यामुळे नुसते सूर ऐकत होते. थोड्या वेळानं रागींनी, म्हणजे कीर्तन गाणाऱ्यांनी, सांगितलं, शबद (पद) भगत नामदेवजींचा. आणि पहिलीच ओळ आली, "आनीले कुंभ भराईले ऊदक, ठाकुर कउ इसनानु करउ."

मी ताठ बसले. कुंभ आणला, उदक भरलं, ठाकुराला स्नान घालावं म्हणते. पुढं नामदेव विचारतात की या पाण्यात तर बेचाळीस लाख जीव आहेत, ते माझ्या विठ्ठलाला कसं वाहू? फुलं आणली तर ती आधी भुंग्यानं हुंगलेली. दूध आणलं तर आधी वासरानं उष्टावलेलं. आणि शेवटी, "ईभै बीठलु, ऊभै बीठलु, बीठल बिनु संसारु नही." इकडं विठ्ठल, तिकडं विठ्ठल. पेटी आणि तबल्यावर रागी ती ओळ पुन्हा पुन्हा घेत होते, अख्खा दरबार त्यांच्यामागून म्हणत होता, आणि अमृतसरहून, लुधियान्याहून, कुठून कुठून आलेली माणसं "बीठल, बीठल" म्हणत होती. मला रडू आलं. आमच्या घरी आजोबा एकादशीला नामदेवांचे अभंग म्हणायचे. तेच नामदेव मला इतक्या जणांच्या तोंडून, इतक्या वेगळ्या चालीत, भेटतील असं कधी वाटलं नव्हतं.

नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी शेजारच्याच हिंगोली जिल्ह्यात, कयाधू नदीकाठी आहे. तिथला हा शिंपी पंढरपूरला गेला, पुढं उत्तरेत गेला, पंजाबात घुमानला बरीच वर्षं राहिला. गुरू अर्जनदेवांनी 1604 मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला तेव्हा नामदेवांची पदं त्यात आली. पुढं याच ग्रंथाचा गुरू ग्रंथसाहिब झाला, आज त्यात ती 61 आहेत. आणि 1708 मध्ये याच नांदेडात गुरू गोविंदसिंहजींनी यापुढं ग्रंथच गुरू असेल असं सांगितलं. म्हणजे कयाधूकाठचा माणूस पंजाबला गेला आणि त्याची वाणी ग्रंथात बसून चार शतकांनी पुन्हा मराठवाड्यात, गोदेच्या काठी, गुरू म्हणून विराजमान झाली. शाळेत आम्हाला नामदेव पंजाबात गेले एवढं एका वाक्यात शिकवलं होतं. ते परत कसे आले हे कुणी सांगितलं नाही. 2015 मध्ये घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा सगळ्यांचं लक्ष पंजाबकडं गेलं. नांदेडकडंही तितकंच जायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

शनिवार, रात्र

दिवसाचा मोठा भाग लंगरात गेला. आधी पंगतीला जेवले. परशादा ओंजळ पुढं करून घ्यायचा, रोटीला इथं तेच म्हणतात. डाळ घट्ट आणि नुसत्या आल्या-जिऱ्याची, पण तिसऱ्यांदा घेतली. मग सेवेला बसले. लसूण सोलायचा होता. गोणपाटावर लसणाचा ढीग, भोवती बायका. कुणी पंजाबहून आलेली, कुणी भोकरची, कुणी इथलीच.

माझ्या शेजारी एक दख्खनी शीख आजी होत्या. पांढरी सलवार-कमीज, हातात कडं, बोली अस्सल नांदेडी. माझ्या सोलण्याकडं बघून म्हणाल्या, "नखानं नको, बोट जळतंय. पाकळी दाब, साल आपोआप सुटतंय." अंगठ्याखाली पाकळी दाबून त्यांनी दाखवलं. टचकन आवाज आला आणि साल बाजूला. मला जमेपर्यंत त्या थांबल्या. गप्पांत कळलं की त्यांच्या सासऱ्यांचे वडीलही इथलेच आणि पंजाब त्यांनी एकदाच पाहिलाय, नातीच्या लग्नात. "थंडी लई. आणि भाकरी मिळत नाही."

सकाळपासून डोक्यात घोळत होतं ते त्यांना विचारलं. नामदेव म्हणतात पाण्यात जीव आहेत, ते देवाला कसं वाहू, आणि इथं तर रोज गागर येते.

आजींनी हात थांबवला नाही. "गागर देवाला कुठं वाहतेत? जागा धुवायलंय ते. तू हात धुतल्याबिगर सैपाक करतीस का?" थोडं थांबून म्हणाल्या, "नामदेवबाबा म्हणलेत ना, इकडं बी तोच, तिकडं बी तोच. मग पाण्यात बी तोच की. त्याच्यानंच त्याची जागा धुवायची." आणि पुढच्या कुड्या माझ्याकडं सारल्या.

अशी उत्तरं फिरत्या पर्यटकाला मिळत नाहीत. ती मिळायला हात लसणात असावे लागतात. अजूनही बोटांना वास येतोय.

आजींनी दिवाळीला ये म्हणून सांगितलंय. तेव्हा तख्त स्नान असतं. कुठल्याही जातिधर्माची माणसं गोदावरीवरून गागरी भरून आणतात, अख्खा तख्त धुऊन निघतो, गुरूंची शस्त्रंही धुतली जातात.

रविवार

सकाळी घाटांवर. बंदा घाट, जिथं माधोदास बैरागी गुरूंना भेटला आणि बंदासिंह झाला. नगीना घाट, जिथं एका भक्तानं दिलेलं मौल्यवान रत्न गुरूंनी नदीत फेकलं, तो खट्टू झाला, तेव्हा तुझं तू उचलून घे म्हणाले आणि त्याला सगळं पात्र रत्नांनी भरलेलं दिसलं अशी कथा सांगतात. त्याच घाटाच्या पायऱ्यांशी जलपर्णी, प्लास्टिक आणि नाल्याचा वास. मला फार वाईट वाटलं. रामकुंडाच्या खाली आमच्याकडं यापेक्षा वेगळं चित्र नाही, म्हणून हे फक्त नांदेडचं दुखणं म्हणून सोडताही येत नाही. पहाटे ज्या नदीची गागर कपाळी लावायची तिच्यातच दिवसभर गटार सोडायचं, हे थांबलं पाहिजे. एक तरुण मुलगा लांब काठीनं पायरीजवळचा कचरा ओढून काढत होता. रविवारी येतो म्हणाला, कुणी सांगितलेलं नाही. तासभर त्याच्याबरोबर पिशव्या भरल्या.

परतीचं तिकीट उद्याचं होतं, ते रद्द केलं. बसस्थानकावर चौकशी केली. आधी हिंगोली, तिथून नरसीला गाड्या आहेत, तुळशीच्या माळा घालून जाणारी माणसं दिसतील त्यांच्या मागं जा, असं कंट्रोलरसाहेबांनी सांगितलं. आजींना निरोप द्यायला लंगरात गेले तर त्या कणीक मळत होत्या. नरसीला चाललेय म्हटल्यावर कमीजच्या खिशातून दहाची नोट काढली आणि पिठाच्या हातानंच माझ्या मुठीत दिली. "नामदेवबाबाच्या पुढं ठेव. मला जाणं झालं नाही कधी."

नोट वहीत ठेवलीय. हिंगोलीची पहिली एसटी सकाळी लवकर आहे.