गेटबाहेरची सिगारेट

शिरोली एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात धूम्रपानबंदी खऱ्या अर्थाने लागू होऊन आज महिना झाला. कामाच्या जागी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासूनच देशभर मनाई असून दंड २०० रुपयांपर्यंत आहे. आमच्याकडील ती पाटी मात्र इतकी वर्षे धुरानेच पिवळी पडत होती.

निकोटीनचे रक्तातील प्रमाण साधारण दोन तासांत निम्मे होत असल्याने अकराच्या सुमारास माझा हात अजूनही आपोआप खिशाकडे जातो, परंतु उन्हातून गेटबाहेरच्या टपरीपर्यंत चालत जाण्याचा कंटाळा येत असल्यामुळे दिवसाच्या दहा सिगारेटी चारवर आल्या आहेत. यात निर्धार कमी आणि आळसच अधिक, हे मान्य केले पाहिजे.

मोल्डिंगमधील एका मामांनी मात्र विडी सोडून मावा धरला आहे. आज जेवणानंतर प्लास्टिकच्या कागदात तो तळहातावर घोळत ते म्हणाले, "धूर तर न्हाई न्हवं?" धूर नाही हे खरेच, पण तंबाखू आणि सुपारी ही दोन्ही तोंडाच्या कर्करोगाची कारणे आहेत, हे मी सांगेपर्यंत चिमूट गालात गेली होती.

जिन्याचा कोपरा महिनाभरातच लाल झाला आहे. उद्या तिथे रंगारी येणार आहे.