प्रमेहाची जोडी कुणाशी लावायची?

आयसीडी-११ म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. त्याच्या २६ व्या प्रकरणात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीतल्या व्याधींचा टीएम-२ हा विभाग जानेवारी २०२४ मध्ये आला. आता एकाच रुग्णाच्या नोंदीत आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक अशा दोन्ही शास्त्रांचे कोड घालता येतात. पण कोड शेजारी बसले म्हणून संकल्पना जुळल्या असं होत नाही. ते काम जाणत्या माणसाचं, आणि ते साधर्म्यावरून चालतं.

साधर्म्य कशातलं शोधायचं? मानसशास्त्रज्ञ डेड्रे गेंटनर यांनी १९८३ मध्ये मांडलेला सिद्धांत इथे फार उपयोगी पडतो: सुटे गुण जुळवू नका, गुणांमधले संबंध जुळवा.

प्रमेह घ्या, म्हणजे आयुर्वेदातला लघवीच्या विकारांचा गट. ‘लघवी गोड, म्हणजे डायबेटिस’ हा सुटा गुण झाला. संहितांत प्रमेह २० प्रकारचा आहे: कफज १०, पित्तज ६, वातज ४. सगळ्यांत समान काय, तर लघवी जास्त आणि गढूळ होणं. गोडवा मोजक्याच प्रकारांत. त्यातही उसाच्या रसासारखी लघवी होणारा इक्षुमेह कफज म्हणून साध्य, तर मधुमेह वातज म्हणून असाध्य. आता कारणांची साखळी बघा: बैठं सुख, झोप, दही, नवं धान्य, गुळाचे पदार्थ, त्यातून कफ-मेद वाढणं, मग मूत्रात बिघाड. टाइप-२ डायबेटिसशी खरं साम्य इथे आहे.

सुश्रुतसंहितेतला ‘सहज’ म्हणजे जन्मजात प्रमेही कृश असतो, म्हणून त्याला टाइप-१ ठरवायचा मोह होतो. तो आवरावा. सहज प्रमेह आईवडिलांच्या बीजदोषातून येतो, टाइप-१ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या पेशी मारते. रुग्णाची अंगकाठी जुळली, कारण जुळलं नाही.

नोंदीसाठी प्रत्येक संज्ञेपुढे हेतू (कारणं), लक्षणं, संप्राप्ती (आजार कसा घडतो), उपद्रव (पुढची गुंतागुंत) आणि साध्यासाध्यता (बरा होतो की नाही) असे रकाने करावेत. वैद्य आणि आधुनिक डॉक्टर यांनी ते एकमेकांचं न बघता भरावेत. मतभेद निघतील तिथेच खरी चर्चा होते. मग स्कॉस या मानकातलं नातं निवडावं; वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं हे मानक वेगवेगळ्या कोशांतल्या संकल्पना एकमेकींना जोडण्यासाठी आहे. मधुमेह ते टाइप-२ याला माझ्या मते ‘क्लोजमॅच’ (जवळपास सारखं) पुरे. ‘एक्झॅक्टमॅच’ (तंतोतंत तेच) पुढे संक्रमित होतं: अ म्हणजे ब, ब म्हणजे क, की संगणक अ म्हणजे क धरतो, आणि एक चूक तिसऱ्या कोशापर्यंत पोचते. ‘ब्रॉडमॅच’ची दिशाही हमखास उलटी पडते, समोरची संकल्पना जास्त व्यापक असेल तेव्हाच ते लावायचं.

‘आम’ला, म्हणजे आयुर्वेदाच्या मते नीट न पचल्याने शरीरात साठणाऱ्या अंशाला, आधुनिक बाजूला जोडी सापडत नाही. तिथे ‘टॉक्सिन’ लिहून रकाना भरण्यापेक्षा तो रिकामा ठेवावा आणि का रिकामा ठेवला ते शेऱ्यात लिहावं.